अमेरिकेतली फेलनी: प्रोबेशन संपल्यावर नक्की काय काय संपतं?

मधुमालती

हा विषय आपल्याकडे मंडळाच्या कार्यक्रमात कोणी काढत नाही. काढला तरी आवाज खाली जातो. म्हणून इथे धागा काढतेय.

मी टेक्ससमध्ये एका वकिलांच्या कचेरीत पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहाय्यक आहे. वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून वाचू नका. आपल्या लोकांचे फोन येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं: "प्रोबेशनवर सुटला हो, तुरुंग टळला." आणि पाच वर्षांनी दुसरं वाक्य: "प्रोबेशन संपलं, आता काही नाही ना?" दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत.

इथे ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते तो साधारणपणे फेलनी. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली याचा त्याच्याशी संबंध नाही, किती होऊ शकली असती हे बघतात. एक दिवसही आत न गेलेला माणूस आयुष्यभर फेलन राहू शकतो. कोर्टाची शिक्षा संपते तेव्हा कोर्टाने घातलेल्या अटी संपतात. पण मतदान, बंदूक, नोकरी, ज्यूरी, इमिग्रेशन हे सगळे निर्बंध वेगवेगळ्या कायद्यांतून येतात. काही राज्याचे, काही केंद्राचे. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, आणि काही घड्याळांना काटेच नाहीत. त्यामुळे "संपलं का?" असं विचारण्यापेक्षा "कुठला निर्बंध, तो कोणी घातला आणि तो उठवणारा कोण?" असं विचारावं.

आधी प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर पण कोर्टाच्या देखरेखीखाली राहणं, ते चालू असतानाचं सांगते. टेक्ससमध्ये कायद्याच्या पुस्तकात त्याला कम्युनिटी सुपरव्हिजन म्हणतात. फेलनीत ते दहा वर्षांपर्यंत असू शकतं. दर महिन्याला ऑफिसरकडे हजेरी, काम किंवा शिक्षण चालू असल्याचा पुरावा, लघवीची तपासणी, नुकसानभरपाईचे हप्ते आणि वर देखरेखीची फी, महिना २५ ते ६० डॉलर. काउंटीबाहेर जायचं तर बहुतेकदा परवानगी. दुसऱ्या राज्यात राहायला जायचं तर राज्याराज्यांमधल्या करारानुसार देखरेख तिकडे वर्ग करून घ्यावी लागते. न्यू जर्सीत नोकरी लागली म्हणून उठून चालू पडलं तर तो अटींचा भंगच. ऑफिसर घरी कधीही येऊ शकतो. झडतीसाठी इतरांच्या बाबतीत लागतो तसा वॉरंटचा अडसरही बराच कमी होतो, सुप्रीम कोर्टाने हे १९८७ आणि २००१ साली मान्य केलंय.

प्रश्न विचारा. माहीत असेल ते सांगेन.

जर्सीवाला

चांगला धागा. पॅरोल आणि प्रोबेशन लोक सर्रास एकच समजतात, तेवढं आधी लिहाल का?

मधुमालती

प्रोबेशन तुरुंगाऐवजी, कोर्ट देतं. पॅरोल म्हणजे काही काळ आत काढून उरलेली शिक्षा बाहेर, देखरेखीखाली. केंद्राच्या खटल्यांत नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोलच नाही. तिथे कैद पूर्ण झाल्यावर वेगळी देखरेख सुरू होते, तिला सुपरवाइज्ड रिलीज म्हणतात.

खवचट

थोडक्यात काय, फेलन माणसाला बंदूक नाही, मत नाही, बँकेत नोकरी नाही, पण राष्ट्राध्यक्ष व्हायला काही हरकत नाही!

फिलीकर

खवचटराव, विनोद म्हणून ठीक, पण त्यातही एक कायद्याची गंमत आहे. ट्रम्प मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ३४ फेलनींमध्ये दोषी ठरले. राहतात फ्लोरिडात. फ्लोरिडाचा नियम असा की गुन्हा दुसऱ्या राज्यातला असेल तर मताधिकाराबाबत त्या राज्याचा नियम लावायचा. न्यूयॉर्कमध्ये तुम्ही प्रत्यक्ष तुरुंगात नसाल तर मत देऊ शकता. म्हणून त्यांनी नोव्हेंबरमध्ये पाम बीचला मत दिलं. हाच गुन्हा फ्लोरिडाच्या कोर्टात झाला असता तर शिक्षा पूर्ण होईपर्यंत मत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शिक्षा सुनावली तीही बिनशर्त मोकळीक, म्हणजे ना कैद, ना दंड, ना प्रोबेशन.

राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्यघटना फक्त वय, जन्मजात नागरिकत्व आणि चौदा वर्षांचं वास्तव्य बघते. १९२० मध्ये समाजवादी नेते युजीन डेब्झ अटलांटाच्या तुरुंगातून उभे राहिले आणि नऊ लाखांवर मतं घेतली.

नगरी_नग

म्हणजे मताधिकार राज्यागणिक बदलतो? एकाच देशात?

मधुमालती

हो, आणि खूपच बदलतो. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये पॅरोलवरच्यांना मताधिकार दिला. न्यू जर्सीत मार्च २०२० पासून प्रोबेशन आणि पॅरोलवरचे मत देतात. टेक्ससमध्ये कैद, पॅरोल, प्रोबेशन सगळं पूर्ण झाल्यावर हक्क आपोआप परत येतो. अर्ज करायला नको, फक्त नव्याने नोंदणी. लोक मात्र आपला हक्क कायमचा गेला असं समजून वर्षानुवर्षं घरी बसतात.

उलट दिशेनेही फसगत होते. फोर्ट वर्थजवळची क्रिस्टल मेसन. केंद्राच्या करचुकवेगिरीच्या खटल्यात तुरुंग भोगून आली होती, सुपरवाइज्ड रिलीज चालू होती. २०१६ मध्ये ती मतदानाला गेली, यादीत नाव सापडलं नाही, तिथल्या माणसांनी तात्पुरती मतपत्रिका भरून दिली. ते मत मोजलंही गेलं नाही. शिक्षा मात्र झाली, पाच वर्षं. मार्च २०२४ मध्ये अपील कोर्टाने तिला निर्दोष ठरवलं, त्यावर सरकारी पक्ष आणखी वर गेला.

फिलीकर

फ्लोरिडाचं तर महाभारत आहे. २०१८ मध्ये जवळजवळ ६५ टक्के लोकांनी घटनादुरुस्तीला हो म्हटलं: शिक्षा पूर्ण झाली की मताधिकार परत, खून आणि लैंगिक गुन्हे सोडून. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला की शिक्षा पूर्ण म्हणजे दंड, कोर्टाची फी, भरपाई, सगळं चुकतं झालं पाहिजे. आता कोणाकडे किती बाकी आहे हे एका ठिकाणी सांगणारी यंत्रणाच नाही! जुन्या खटल्यांचे कागद काउंटीत सापडत नाहीत. तरी २०२० मध्ये अपील कोर्टाने तो कायदा उचलून धरला. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बेकायदा मतदान केलं म्हणून वीस जणांना पकडलं. त्यातल्या अनेकांना सरकारनेच मतदार कार्ड पाठवलेलं होतं. माझ्या मते हा शुद्ध जुलूम आहे.

जर्सीवाला

जुलूम वगैरे ठीक आहे, पण ज्याला गंडवलं त्याची भरपाई बाकी ठेवून मत का द्यावं? माझ्या बहिणीला अशाच एकाने बुडवलं होतं. पैसे आजतागायत मिळाले नाहीत. त्याच्या हक्कांची चर्चा करताना तिची आठवण कोणालाच येत नाही.

मधुमालती

जर्सीवाला, तुमचा राग समजतो. भरपाई वसूल व्हायलाच हवी, आणि प्रोबेशन लांबवण्यापासून पगारातून कापण्यापर्यंत बरेच मार्ग कोर्टाकडे आहेत. पण मत रोखून भरपाई वसूल झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याला फक्त तेवढ्यासाठी आत टाकता येत नाही. आधी तो का भरत नाही याची चौकशी कोर्टाने केली पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये बेअर्डनच्या खटल्यात सांगितलं. आमच्याकडे येणारे लोक नेमकं उलटं करतात. पैसे नाहीत म्हणून घाबरून हजेरीलाच जात नाहीत, आणि गैरहजेरीवर वॉरंट निघतं. पैसे नसले तरी जा, हे मी प्रत्येकाला सांगते.

ह्यूस्टनचे_काका

बंदुकीबद्दल लिहा. आमच्या भागात आता बऱ्याच देशी घरांत बंदूक आहे.

मधुमालती

काका, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आईवडील नकळत मुलाला अडकवतात.

केंद्राचा कायदा: एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगायच्या नाहीत. मुदत नाही, आयुष्यभर. २०२२ पासून याची कमाल शिक्षा १५ वर्षं. टेक्ससचा स्वतःचा कायदा मऊ आहे: सुटका किंवा देखरेख संपून पाच वर्षं झाली की स्वतःच्या घरात ठेवता येते. लोक हे एवढंच वाचतात आणि बंदूक घेतात. राज्याने सोडलं तरी केंद्राने सोडलेलं नसतं.

आणि "बाळगणे" म्हणजे नावावर असणे नव्हे. हाताशी असणे, ताब्यात येऊ शकणे. मुलगा प्रोबेशनवर घरी राहायला आला आणि वडिलांची पिस्तूल खोलीतल्या खणात, तर झडतीच्या दिवशी "ती बाबांची आहे" हे उत्तर पुरेल याची खात्री कोणी देऊ नये. घराबाहेर ठेवा.

शिवाय घरगुती मारहाण ही फेलनी नसली, साधी मिस्डिमीनर (फेलनीहून हलका गुन्हा) असली तरी १९९६ पासून बंदूकबंदी लागू होते. "किरकोळ केस आहे, कबूल करून टाक" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अंजनवेल

लघवीच्या तपासणीवरून एक शंका. कोलोरॅडोत गांजाच्या गमीज कायदेशीर मिळतात. तिथे खाल्ल्या तर?

मधुमालती

केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बेकायदा आहे आणि तुमच्या प्रोबेशनच्या अटी तुमच्या कोर्टाच्या आहेत, कोलोरॅडोच्या नाहीत. दुकानात मिळणाऱ्या हेंपच्या (गांजाच्याच जातीच्या झाडाच्या) गोळ्यांचंही तेच. तपासणी यंत्राला पावती दाखवता येत नाही.

आता आपला खास मुद्दा: खसखस. हसू नका. खसखशीच्या दाण्यांवर अफूच्या चिकाचा अंश राहिलेला असू शकतो आणि तपासणीत मॉर्फिन, कोडीन दिसू शकतं. नोकरीतल्या तपासण्यांची मर्यादा १९९८ मध्ये वाढवली ती याच भानगडीमुळे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी सैन्याने जवानांना खसखस टाळायला सांगितलं. बेगलवर चिमूटभर असते. आपल्या अनारशाची एक बाजू भरलेली, शिवाय खसखशीची खीर, वाटणातली खसखस वेगळीच. दिवाळीत असं कोणी प्रोबेशनवर असेल तर त्याच्या ताटात चकली वाढा.

खवचट

आज्जीला सांगणार कोण?

स्वाती_पुणे

इथून एक विचारते. भाचा ग्रीन कार्डवर आहे, टेक्ससमध्येच. त्याला "डिफर्ड" काहीतरी मिळालंय. वकील म्हणाला, नीट वागलास तर केस डिसमिस, दोष लागणारच नाही. म्हणजे बिनघोर ना? डिसेंबरात लग्नाला यायचंय त्याला.

मधुमालती

स्वातीताई, तिकीट काढू देऊ नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटू दे. फौजदारीवाला आणि इमिग्रेशनवाला, दोन वेगळे वकील.

टेक्ससच्या डिफर्ड ॲडज्युडिकेशनमध्ये माणूस गुन्हा कबूल करतो किंवा लढत नाही म्हणतो, न्यायाधीश दोषी ठरवणं पुढे ढकलतो आणि काही वर्षं देखरेखीत ठेवतो. सगळं पार पडलं तर केस डिसमिस. राज्याच्या दृष्टीने दोष नाही, त्या काळात नागरिकाला मतही देता येतं. भंग केला तर मात्र त्या गुन्ह्याची जी काही पूर्ण शिक्षा आहे ती सगळी न्यायाधीशाला मोकळी असते.

पण इमिग्रेशनच्या कायद्यात दोषसिद्धीची व्याख्याच स्वतंत्र आहे, १९९६ पासून. गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने कुठलंही बंधन घातलं, बस्स, दोष सिद्ध. पुढे डिसमिस झालं तरी ते मोजतात. आणि काही गुन्ह्यांच्या बाबतीत ग्रीन कार्डवाला देशाबाहेर जाऊन परत आला की त्याला नव्याने प्रवेश मागणारा धरतात. इथे असताना कोणी विचारलं नसतं, विमानतळावर विचारतात.

फसवणुकीत नुकसान दहा हजार डॉलरच्या वर गेलं, किंवा चोरीत एक वर्षाची कैद सुनावली, भले ती स्थगित असो, तर त्याला इमिग्रेशनमध्ये ॲग्रव्हेटेड फेलनी म्हणतात. त्यातून ग्रीन कार्ड वाचवायचे जवळजवळ सगळे दरवाजे बंद होतात. नागरिकत्वाचा अर्जही प्रोबेशन चालू असताना मंजूर होत नाही.

२०१० चा पाडिला खटला याच कारणाने झाला. माणूस चाळीस वर्षांहून जास्त अमेरिकेत, व्हिएतनाम युद्धात लढलेला. वकील म्हणाला, इतकी वर्षं आहेस, इमिग्रेशनची काळजी नको. कबुली दिली आणि देशाबाहेर घालवायची कारवाई सुरू झाली. सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कबुलीआधी हा धोका सांगणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे. भाच्याला त्याच्या वकिलाने लेखी काय सांगितलं होतं ते बघा.

स्वाती_पुणे

बाप रे. आत्ताच फोन करते. बहिणीला यातलं काहीच माहीत नाही, ती बस्ता बांधायच्या गडबडीत आहे.

जर्सीवाला

ज्यांचं अमेरिकन नागरिकत्व झालंय त्यांनीही ओसीआयकडे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डाकडे बघावं. भारत सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचना काढली आहे: दोन वर्षं किंवा जास्त कैदेची शिक्षा, किंवा सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र, तर ओसीआय रद्द होऊ शकतं.

आणि टोरांटोला गाडी काढून जाणाऱ्यांनो, कॅनडा वेगळंच मोजतो. डिसेंबर २०१८ पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली, त्यामुळे इथली साधी डीयूआयसुद्धा तिथे गंभीर गुन्हेगारीत मोडते. सीमेवरून परत पाठवतात. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाल्यावर रिहॅबिलिटेशनचा अर्ज करता येतो.

नगरी_नग

आपल्याकडे तुलनेने बरं म्हणायचं का? भारतात तुरुंगात असेपर्यंत मत नाही, बाहेर आला की आहे. निवडणूक लढवायची तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षेला सुटकेनंतरही सहा वर्षं बंदी. नागपूर जिल्हा बँकेच्या खटल्यात सुनील केदारांची आमदारकी डिसेंबर २०२३ मध्ये गेली ती यानेच. १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातलं बारावं कलम तर म्हणतं की प्रोबेशनवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागणार नाही. अमेरिकेच्या अगदी उलट.

सोलापुरी_चादर

कागदावर बरं. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात जुना गुन्हा लिहावा लागतो, लपवला तर लपवला म्हणून नोकरी जाते. पोलीस ठाण्याची चारित्र्य पडताळणी आहेच. तडीपारी आहे, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर.

आणि गुन्हा न करताही शिक्का कसा बसतो ते आमच्या गावात येऊन बघा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात हजेरीला लावल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, सोलापुरात त्या जागेला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. चोरी झाली की पोलीस पहिले पारध्यांच्या पालावर. त्यांचं प्रोबेशन कोणत्या कोर्टाने संपवायचं?

नगरी_नग

मान्य. "बरं" हा शब्द मागे घेतो.

अंजनवेल

नोकरीचं कोणी लिहिलं नाही. प्रोबेशन संपल्यावर किती वर्षांनी रेकॉर्ड पुसलं जातं? सात वर्षं म्हणतात.

मधुमालती

सात वर्षांचा नियम पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, आणि तो नुसत्या अटकेसारख्या नोंदींना. दोषसिद्धी दाखवायला केंद्राच्या कायद्यात मुदतच नाही. काही राज्यांनी स्वतःची घातली आहे.

आपोआप पुसलं जाणं राज्यावर आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ठरावीक नोंदी संगणकानेच झाकायची पद्धत पहिल्यांदा आणली, मागून इतर राज्यं आली. टेक्ससमध्ये डिफर्डवाल्या फेलनीत देखरेख संपून केस डिसमिस झाल्यावर पाच वर्षांनी नोंद न दाखवण्याचा आदेश मागता येतो, काही गुन्हे सोडून. साध्या प्रोबेशनवाल्याला आणखी एक वाट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते: मुदतीचा एक तृतीयांश किंवा दोन वर्षं, जे कमी असेल ते झाल्यावर न्यायाधीशाकडे लवकर मोकळं करा असा अर्ज करता येतो. मोकळं करताना न्यायाधीश हवं तर दोषसिद्धीच बाजूला ठेवू शकतो. हे मागावं लागतं. नुसती मुदत संपली की फक्त "अटी संपल्या" एवढाच कागद मिळतो.

अर्जावरच गुन्ह्याचा रकाना नको ही चळवळ हवाईत १९९८ मध्ये कायदा झाला तिथून वाढली. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत आता नोकरी देऊ करेपर्यंत विचारत नाहीत. नंतर विचारतातच. तेव्हा खोटं लिहू नये.

बँकेत जायचं असेल तर फसवणूक, चोरी असले गुन्हे असलेल्याला ठेवींचा विमा असलेल्या बँकेत काम करायला केंद्राच्या यंत्रणेची परवानगी लागते, आणि डिफर्डसारख्या तडजोडीसुद्धा त्यात मोजतात. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ते बरंच सैल केलं. गुन्ह्याला सात वर्षं उलटली असतील तर बहुतेकदा परवानगीची गरज उरत नाही. बँकेच्या एचआरला हा बदल माहीत असतोच असं नाही, छापून न्या.

ह्यूस्टनचे_काका

ताई, शेवटचा प्रश्न. आमच्या एका स्नेह्याच्या मुलाला, जुनी फेलनी आहे त्याला, ज्यूरीचं बोलावणं आलंय. तो म्हणतो फेलनला चालत नाही, म्हणजे पत्र टाकून दिलं तरी चालेल.

मधुमालती

टाकून देऊ नये. टेक्ससमध्ये फेलनीत दोषी ठरलेल्याला ज्यूरीत बसता येत नाही हे बरोबर, पण पत्रावरच अपात्रतेचा रकाना असतो. खूण करायची, सही करायची, मुदतीत परत पाठवायचं, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवायची.